जुनी बॉडी, नवी चॅसी : मालमोटारीचे घरगुती 'देहांतर' कसे होते आणि कोठे अडते?

जुन्या मालमोटारीची बॉडी मूळ चॅसीवरून उचलून दुसऱ्या, तुलनेने अलीकडच्या वाहनाच्या चॅसीवर बसविण्याचे काम अमेरिकेत अनेक हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये करतात. असे वाहन वरून १९५० च्या दशकातील दिसते; मात्र त्याचे इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके पुढच्या पिढीची असतात. या कामाच्या चित्रफिती आता भारतातील वाहनप्रेमींपर्यंतही सहज पोहोचतात. हे काम नेमके कसे होते, त्यात धोका कोठे असतो आणि भारतातील कायदा त्याविषयी काय सांगतो, याची माहिती देणारा हा लेख.

चॅसी म्हणजे काय, बॉडी म्हणजे काय?

बहुतेक मालमोटारी दोन स्वतंत्र भागांच्या बनलेल्या असतात. खाली पोलादी चौकट असते. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी तिची रचना असल्याने ती शिडीसारखी दिसते. इंजिन, गिअरबॉक्स, आस, पाटे, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सर्व या चौकटीला जोडलेले असते. या सर्वांना मिळून चॅसी म्हणतात. चालकाची केबिन, बॉनेट, मडगार्ड आणि माल ठेवण्याचा हौदा हा वरचा भाग म्हणजे बॉडी. ती चौकटीवर रबरी बैठकी ठेवून नटबोल्टने आवळलेली असते.

हे बोल्ट सोडवले की बॉडी चौकटीपासून वेगळी होऊ शकते, आणि बॉडी बदलण्याची सर्व कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींमध्ये चौकट आणि पत्रा एकजीव असल्याने तेथे हे शक्य होत नाही.

ही प्रथा कोठून आली?

चॅसी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, ही पद्धत मोटारउद्योगाइतकीच जुनी आहे. फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये 'मॉडेल टीटी' ही मालवाहू चॅसी बाजारात आणली, तेव्हा तिच्यावरची बॉडी ग्राहकाने अन्य कारागिराकडून बांधून घेणे ही नित्याची बाब होती. कारखान्यातूनच हौदा बसवून दिलेली 'मॉडेल टी' पिकअप १९२५ मध्ये आली.

भारतीय वाचकांना ही पद्धत अपरिचित नाही. आपल्याकडे अवजड मालमोटारींच्या चॅसी दीर्घकाळ बॉडीविना विकल्या जात आल्या आहेत. उघड्या चॅसीवर, डोक्याला फडके बांधून, लाकडी फळीवर बसून शेकडो किलोमीटर गाडी नेणारे चालक महामार्गावर अनेकांनी पाहिले असतील. तमिळनाडूतील नामक्कल आणि पंजाबातील सरहिंद ही गावे मालमोटारींच्या बॉडीसाठी, तर तमिळनाडूतील करूर हे बसच्या बॉडीसाठी प्रसिद्ध आहे.

तथापि, नव्या चॅसीवर नवी बॉडी बांधणे आणि एका वाहनाची जुनी बॉडी दुसऱ्या वाहनाच्या चॅसीवर बसविणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या कामात बॉडी त्याच चॅसीच्या मापाने घडवली जाते. दुसऱ्या कामात दोन वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या दशकांत, एकमेकांचा विचार न करता बनलेल्या वस्तूंचे जुळवून घ्यावे लागते.

मूळ चॅसी का बदलली जाते?

अमेरिकेत या कामासाठी सर्वाधिक पसंती मिळणाऱ्या वाहनांत शेव्हरोलेच्या 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिकेतील पिकअप ट्रकचा समावेश होतो. ही मालिका १९४७ च्या मध्यास बाजारात आली आणि १९५५ पर्यंत चालली. गोलाकार केबिन, फुगीर मडगार्ड आणि आडव्या पट्ट्यांची जाळी यांमुळे तिचे रूप आजही डोळ्यांत भरते. फोर्डच्या १९४८ ते १९५२ मधील 'एफ-१' आणि १९५३ ते १९५६ मधील 'एफ-१००' या गाड्याही याच पंक्तीत बसतात.

रूप देखणे असले तरी चाल मात्र त्या काळाची आहे. पुढे एकसंध आस आणि पाटे असल्याने एका चाकाला बसलेला हादरा दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ब्रेकच्या तेलाचे मंडल एकच असते. त्यामुळे एका चाकाजवळची नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होतात. स्टिअरिंगचा दांडा अखंड व ताठ असतो आणि तो थेट चालकाच्या छातीवर रोखलेला असतो. आघात झाल्यास आत दबणाऱ्या स्टिअरिंग दांड्याची सक्ती अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी १९६८ पासून झाली; या गाड्या त्याच्या बऱ्याच आधीच्या आहेत. शेव्हरोलेच्या गाड्यांमध्ये १९४९ पासून इंधनाची टाकीही केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे बसवलेली होती.

शेतावरून गावापर्यंत सावकाश जाण्यासाठी घडवलेले हे वाहन आजच्या महामार्गावरील वेगात वापरणे कठीण ठरते. त्यातच अनेक वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची चौकट गंजलेली किंवा वाकलेली असते. इंजिन, ब्रेक, पुढची चाके, स्टिअरिंग असा एकेक भाग स्वतंत्रपणे बदलत बसण्यापेक्षा, हे सर्व भाग जागच्या जागी असलेली आणि कारखान्यातून चाचणी होऊन आलेली एक पूर्ण चॅसीच खाली सरकवावी, असा विचार त्यातून पुढे येतो. हिशोब सरळ दिसतो. परंतु वाचलेले श्रम दुसऱ्या ठिकाणी खर्च होतात.

कोणती चॅसी निवडली जाते?

निवडीचा पहिला निकष म्हणजे व्हीलबेस, अर्थात पुढील व मागील चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर. अर्ध्या टनाच्या 'ॲडव्हान्स डिझाइन' पिकअपचा व्हीलबेस ११६ इंच, म्हणजे सुमारे २९४.६ सेंटिमीटर आहे. फोर्ड 'एफ-१' चा ११४ इंच आणि १९५३ नंतरच्या 'एफ-१००' चा ११० इंच आहे.

शेव्हरोलेची 'एस-१०' ही लहान पिकअप १९८२ ते २००४ या उत्पादनवर्षांत मोठ्या संख्येने विकली गेली. तिच्या लांब हौद्याच्या प्रकाराचा व्हीलबेस ११७.९ इंच आहे. 'ॲडव्हान्स डिझाइन'पेक्षा तो केवळ १.९ इंचांनी, म्हणजे सुमारे ४.८ सेंटिमीटरने अधिक आहे. याच गाडीचा आखूड हौद्याचा प्रकार १०८.३ इंचांचा, तर वाढीव केबिनचा प्रकार १२२.९ इंचांचा आहे. गाडी स्वस्तात मिळते, सुटे भाग विपुल आहेत आणि दोन चाकांना शक्ती देणाऱ्या प्रकारात पुढे स्वतंत्र स्प्रिंग व डिस्क ब्रेक आहेत. या कारणांमुळे 'एस-१०' ही घरगुती कामासाठी जवळजवळ प्रमाण चॅसी मानली जाऊ लागली. तिच्यासाठी तयार बैठकींचे संचही तेथे विकत मिळतात.

फोर्डच्या चाहत्यांमध्ये 'क्राउन व्हिक्टोरिया' ही मोटार लोकप्रिय आहे. अमेरिकेतील पोलीस दलांनी आणि टॅक्सीचालकांनी वापरलेली ही मोठी मोटार २०११ पर्यंत तयार होत होती. ती प्रवासी मोटार असूनही तिला स्वतंत्र चौकट आहे, आणि २००३ पासून तिच्या पुढील भागाची रचना नव्याने केली गेली. काहीजण तिची संपूर्ण चॅसी घेतात, तर काहीजण केवळ पुढचा आस-संच घेऊन तो मूळ चौकटीला जोडतात.

व्हीलबेस जुळला म्हणजे सर्व जुळले, असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. एकाच आसावरील दोन चाकांमधील रुंदीही तितकीच महत्त्वाची असते. 'एस-१०' ची रुंदी जुन्या पिकअपच्या मडगार्डांच्या मानाने कमी पडते आणि चाके आत ओढल्यासारखी दिसतात. 'क्राउन व्हिक्टोरिया'च्या बाबतीत नेमके उलट घडते. चाके मडगार्डाबाहेर डोकावतात. पुढच्या चाकांच्या मध्यापासून केबिनच्या पुढील पत्र्यापर्यंतचे अंतर, चौकटीची उंची, तुळयांमधील रुंदी आणि तुळया कोठे वर उचलल्या आहेत, ही मापेही आधी ताडून पाहावी लागतात.

काम कसे चालते?

अनुभवी कारागीर या कामाची सुरुवात पान्याने करीत नाहीत, मापाने करतात. दोन्ही वाहने सपाट, पक्क्या जमिनीवर उभी केली जातात. जुन्या गाडीच्या चाकांचे मध्य, केबिनची उंची, दारांच्या फटी आणि बॉनेटची रेषा यांची नोंद बॉडी हलविण्यापूर्वी घेतली जाते. बांधकामावर वापरतात तो ओळंबा, गुण्या आणि पाणसळ हीच येथेही खरी साधने ठरतात. ओळंब्याने चौकटीवरील बिंदू जमिनीवर उतरवून खडूने कर्ण आखले जातात. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत, तर चौकट तिरकी झाली आहे असे समजावे. अशी चौकट पुढील कामासाठी निरुपयोगी असते.

त्यानंतर जुनी बॉडी सुटी केली जाते. सत्तर वर्षांचे बोल्ट सहजासहजी फिरत नाहीत. गंज सोडविणारे तेल आदल्या दिवसापासून टाकावे लागते किंवा बोल्ट कापावे लागतात. केबिनचा खालचा भाग कुजलेला असेल, तर उचलण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या जोडून आधार दिला जातो. हा आधार न देता केबिन उचलली, तर ती वाकते आणि मग दार कधीच नीट बसत नाही. केबिन, हौदा आणि पुढील पत्रा हे तिन्ही भाग स्वतंत्रपणे उतरवण्याची रीत आहे.

नव्या चॅसीवर केबिन प्रथम लाकडी ठोकळ्यांवर तात्पुरती ठेवली जाते. पुढचे चाक मडगार्डाच्या गोलाईच्या मध्यभागी आले पाहिजे, हा येथील मुख्य नियम आहे. सर्व बॉडी या एका बिंदूपासून मांडली जाते. मग केबिन समतल करून तिच्या बैठकी कोठे येतील ते ठरते. नव्या बैठकी पोलादी पत्र्याच्या कंसांनी बनवल्या जातात. आधी त्यांना केवळ टाके घालून धरून ठेवतात. हौदा, मडगार्ड आणि बॉनेट चढवून सर्व फटी पुन्हा तपासल्यावरच पूर्ण वेल्डिंग केले जाते. बैठकींमध्ये रबर असणे अत्यावश्यक आहे. खराब रस्त्यावर चौकट पिळवटते. केबिन तिला ताठ जखडली तर पत्रा तडकतो.

'ॲडव्हान्स डिझाइन' आणि 'एस-१०' यांच्या जोडीत उरलेल्या १.९ इंचांचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. काही कारागीर हौदा तेवढा मागे सरकवतात किंवा त्याच्या मडगार्डाची जागा बदलतात. काहीजण चौकटच आखूड करतात. हा छेद केबिन आणि मागील आस यांमधील सरळ भागात घेतला जातो. सरळ उभा छेद देऊन दोन तोंडे जोडणे धोक्याचे असते, कारण त्यामुळे सर्व भार एकाच रेषेवर येतो. म्हणून छेद तिरपा किंवा पायरीसारखा घेतात आणि जोडावर आतून पट्टी लावून तो बळकट करतात. चौकट आखूड झाली की मागच्या चाकांना शक्ती देणारा शाफ्टही तेवढाच आखूड करून यंत्रावर समतोल करून घ्यावा लागतो. ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या नव्याने ओढाव्या लागतात.

यानंतर केबिनच्या आतील काम सुरू होते आणि बहुतेक प्रकल्प येथेच रेंगाळतात. जुन्या गाडीत ब्रेकचे पेडल जमिनीतून वर येते. 'एस-१०' मध्ये ते पुढील पत्र्यावर टांगलेले असते. जुन्या केबिनचा पत्रा हा दाब सोसण्यासाठी बनलेला नसतो. पेडल जोराने दाबताच तो लवतो आणि ब्रेक अपुरा लागतो. म्हणून तेथे आतून जाड पट्टी बसवावी लागते. नव्या गिअरबॉक्ससाठी केबिनच्या तळाचा काही भाग कापून उंच करावा लागतो. जुनी टाकी काढून तिच्याऐवजी चौकटीवर नवी बसवली जाते, आणि इंधन माणसापासून दूर जाते हा या बदलाचा एक मोठा लाभ आहे.

विजेची जोडणी हा स्वतंत्र विषय आहे. शेव्हरोलेच्या १९५४ पर्यंतच्या आणि फोर्डच्या १९५५ पर्यंतच्या गाड्या सहा व्होल्टच्या होत्या. नवी चॅसी बारा व्होल्टची असल्याने जुने दिवे, पुसणीची मोटर आणि मापकयंत्रे तशीच जोडता येत नाहीत. इंजिनचे नियंत्रण संगणकाकडे असेल, तर त्याची पूर्ण वायरिंग चॅसीसोबतच उचलावी लागते. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि हा संगणक सोडवून ठेवला नाही, तर तो जळण्याची शक्यता असते.

धोका कोठे असतो?

घरच्या कामात सर्वांत मोठा धोका रस्त्यावर जाण्याआधीच असतो. केवळ जॅकवर पेललेल्या चौकटीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. भार नेहमी पक्क्या घोड्यांवर ठेवावा आणि उचलण्यासाठी वापरलेल्या चेनब्लॉकची क्षमता वजनापेक्षा पुरेशी अधिक असावी. टाकी रिकामी केली तरी तिच्यात इंधनाची वाफ राहते; तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालविणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण होय. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो घासताना योग्य मुखवटा आवश्यक आहे.

दुसरा धोका उशिरा प्रकट होतो. वाईट वेल्डिंग पहिल्या दिवशी तुटत नाही. हजारो हादरे खाऊन जोडाच्या कडेने बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचे पेडल आणि चौकटीचा छेद ही तीन कामे म्हणूनच प्रशिक्षित वेल्डरकडून करून घेण्याचा सल्ला दिला जातो. अवजड मालमोटारींच्या बाबतीत तर खबरदारी अधिक कडक आहे. त्यांच्या तुळया अनेकदा उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादाच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांचे बळ कमी होते. तुळईच्या वरच्या व खालच्या कडांना भोक पाडू नये, असे उत्पादक बॉडी बांधणाऱ्यांना स्पष्टपणे बजावतात.

तिसरा धोका वजनाचा आहे. वाहन किती भार वाहू शकते हे चॅसीवरून ठरते. जुनी केबिन आणि जाड पत्र्याचा हौदा नव्या चॅसीवर चढविल्यानंतर पुढच्या व मागच्या आसावर पडणारा भार वजनकाट्यावर तपासणे आवश्यक असते. लहान पिकअपच्या चॅसीवर मोठी बॉडी बसवली, म्हणून तिची क्षमता वाढत नाही. मूळ केबिनमध्ये आसनपट्टे नव्हते. ते नव्याने लावताना साध्या पत्र्याला बोल्ट मारून भागत नाही. मागे जाड पट्टी द्यावी लागते, अन्यथा अपघातात पट्टा पत्र्यासह उपटून येतो.

कागदावर गाडी कोणती?

तांत्रिक काम पूर्ण झाल्यावर खरा पेच उभा राहतो. दोन वाहनांपासून बनलेल्या या गाडीचा क्रमांक कोणता? अमेरिकेत १९८१ च्या उत्पादनवर्षापासून प्रत्येक वाहनाला १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक दिला जातो. 'एस-१०' मध्ये त्याची पट्टी पुढील काचेखाली, केबिनमध्ये असते. म्हणजे जी केबिन भंगारात जाणार, तिच्यावरच चॅसीची ओळख असते. जुन्या शेव्हरोले पिकअपची पट्टी तिच्या दाराच्या खांबावर असते.

एका गाडीची पट्टी काढून दुसरीवर लावण्याचा मोह येथे होतो. ओळख क्रमांक जाणीवपूर्वक काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चोरीची वाहने खपविण्याचा हाच मार्ग असल्याने १९८४ मध्ये हा कायदा करण्यात आला. योग्य मार्ग म्हणजे दोन्ही वाहनांची मालकीपत्रे व खरेदीच्या पावत्या जपून ठेवणे आणि राज्याच्या वाहन विभागाकडून तपासणी करून घेणे. नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्ये अशा वाहनाला 'पुनर्रचित' किंवा 'विशेष बांधणीचे' अशा वर्गात नोंदवतात. कॅलिफोर्नियात विशेष बांधणीच्या वाहनांना प्रदूषणविषयक सवलत देणारी दरवर्षी ५०० प्रमाणपत्रांची मर्यादित योजना २००१ मध्ये संमत झालेल्या कायद्याने अस्तित्वात आली.

ब्रिटनमध्ये अनेक वर्षे वापरली गेलेली गुणपद्धती या संदर्भात उद्बोधक आहे. वाहनाचा मूळ क्रमांक कायम राहण्यासाठी आठ गुण आवश्यक मानले जात. मूळ चॅसीला पाच गुण, स्टिअरिंग, आस, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स यांना प्रत्येकी दोन गुण आणि इंजिनला एक गुण मिळे. चौकटीवर बसणाऱ्या स्वतंत्र बॉडीला मात्र एकही गुण नव्हता. रस्त्यावरचा माणूस ज्या रूपावरून गाडी ओळखतो, त्या रूपाला नोंदणीच्या हिशोबात किंमत नव्हती.

भारतातील कायदा काय सांगतो?

भारतात चॅसी क्रमांक चौकटीवर ठोकलेला असतो आणि नोंदणी प्रमाणपत्रावर तो इंजिन क्रमांकासह नमूद असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेतील ज्या बदलामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, त्याला कायदा 'फेरबदल' मानतो. चॅसी बदलणे हा त्याचा ठळक नमुना म्हणावा लागेल.

केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल केलेल्या वाहनाची नोंदणी करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. रंग बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टींना त्यातून वगळण्यात आले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अधिनियमातील कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. कायद्याने परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. याखेरीज, न कळविलेल्या फेरबदलामुळे अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये अधिसूचित झालेले 'व्हिंटेज' नियमही येथे उपयोगी पडत नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी त्यांनी दिली. परंतु ती दुचाकी व प्रवासी मोटारींपुरती आहे. त्यातही चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे अमेरिकेत ज्या कामाने जुन्या गाडीला रस्त्यावर आणले जाते, तेच काम भारतात तिला वारसा-वाहनाच्या दर्जापासून दूर नेते.

हरियाणा-पंजाब सीमेवरील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपगाड्यांच्या पुनर्बांधणीसाठी देशभर ओळखले जाते. तेथून किंवा अन्य ठिकाणाहून अशी गाडी घेणाऱ्याने तिच्या देखणेपणाआधी चौकटीवरील क्रमांक आणि नोंदणी प्रमाणपत्र यांचा मेळ तपासून पाहावा. गाडी कितीही कौशल्याने बांधलेली असली, तरी हा मेळ बसत नसेल तर अडचण खरेदीदाराच्या वाट्याला येते.

मूळ चॅसी राखण्याचा मार्ग

जुन्या मालमोटारींशी मुंबईचे नातेही जवळचे आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे वाहनांची जुळणी सुरू केली. ती १९५४ मध्ये बंद झाली. कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज वाहनांची जुळणी केली. त्या काळातील एखादी मालमोटार आज कोणाच्या वाड्यात किंवा गोदामात उभी असेल, तर तिची मूळ चौकट हा इतिहासाचा पुरावा आहे. चौकट एकदा कापून भंगारात गेली की तो पुरावा परत मिळत नाही.

अशा वाहनाच्या मालकासाठी चॅसी बदलण्यापेक्षा तिची दुरुस्ती हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. चौकटीचा गंज काढणे, तुटके पाटे नव्याने बसविणे, ब्रेकचे सिलिंडर, नळ्या व पट्टे बदलणे, स्टिअरिंगचे झिजलेले सांधे दुरुस्त करणे आणि वायरिंग पूर्णपणे नवी ओढणे या कामांनी गाडीची ओळख बदलत नाही. तिचा वेग वाढणार नाही. परंतु ती थांबेल आणि सरळ चालेल. अमेरिकेतही अनेक संग्राहक याच मताचे आहेत. ज्या केबिनची मूळ चौकट आधीच नष्ट झाली आहे, तिच्यासाठीच दुसरी चॅसी शोधावी, असे ते सांगतात.

निर्णयापूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

१. नोंदणी कोणत्या क्रमांकावर होणार, याचे उत्तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून किंवा संबंधित देशाच्या वाहन विभागाकडून पहिला बोल्ट सोडवण्यापूर्वी लेखी घ्यावे.

२. व्हीलबेस, चाकांची रुंदी, पुढील चाकापासून केबिनपर्यंतचे अंतर आणि चौकटीची उंची ही चार मापे दोन्ही वाहनांची घ्यावीत. दोन्ही चौकटींचे कर्ण ताडून पाहावेत.

३. मूळ चौकट दुरुस्त होण्याजोगी असेल, तर ती राखावी. ती बदललीच, तरी क्रमांकासह जपून ठेवावी.

४. ब्रेक, स्टिअरिंग आणि चौकटीचे वेल्डिंग ही कामे प्रशिक्षित कारागिराकडे सोपवावीत आणि रस्त्यावर नेण्यापूर्वी अन्य जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

५. दोन्ही वाहनांच्या खरेदीच्या पावत्या, मालकीची कागदपत्रे आणि कामाची छायाचित्रे एकत्र ठेवावीत.

बॉडी उचलून दुसरीकडे ठेवण्यास मदतीला चार माणसे असली तर एक दिवस पुरतो. ती तेथे सुरक्षितपणे आणि कायदेशीरपणे राहावी यासाठी अनेकांना वर्षे लागतात. म्हणून अर्धवट राहिलेल्या अशा गाड्या अमेरिकेतील गॅरेजांमध्ये जागोजागी दिसतात: एका बाजूला केबिन, दुसऱ्या बाजूला चॅसी. त्यांच्यातील काही केवळ मापाच्या, तर काही केवळ कागदाच्या एका तुकड्यासाठी थांबलेल्या असतात.